चार मोकळी आवर्तनं

गुरुवारच्या तालमीत दुसरा अंतरा संपला, पंजाबरावांनी माइकपासून तोंड बाजूला घेतलं, बोंगोवाल्यानं थाप देऊन जागा मोकळी करून दिली, आणि त्या जागेत काहीच आलं नाही. चार आवर्तनं, बत्तीस मात्रा. वाजवणाऱ्याला त्या पुरत नाहीत म्हणतात. नरहरी कापगतेला त्या दिवशी पुरून उरल्या. गिटार मांडीवर होती, डावा हात तारांवर होता, उजव्या हाताची बोटं फोटोग्राफरसमोर धरतात तशी उचललेली होती, आणि बोंगो एकटाच टपटप करत पुढे चालला होता, नवरदेव मागेच राहावा आणि वरात निघून जावी तसा. पंजाबरावांनी सवयीनं तिसरा अंतरा उचलला, दोन शब्द गायले आणि तेही थांबले. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर दहाच्या प्राथमिक शाळेचा हॉल तो. पहिली-दुसरीच्या पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली पाच मोठी माणसं एकदम नरहरीकडे बघायला लागली. "नरहरीभाऊ, सो गए क्या?" असं कोणी तरी म्हणालं तेव्हा त्याला जरा बरंच वाटलं. झोप लागली असती तर आठ तासांची ड्यूटी पुढे करता आली असती.

खरं म्हणजे नरहरीला वाजवता येत होतं. आदल्या आठवड्याच्या तालमीत त्यानं त्याच जागेत बत्तीस मात्रा नीट भरल्या होत्या आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्यासाठी त्यानं अकरा संध्याकाळी घालवल्या होत्या हे कोणाला ठाऊक नव्हतं. इकडून एक तुकडा, तिकडून एक, असं जोडत त्यानं वहीत सरगम लिहून काढली होती, शाईनं, मात्रांचे रकाने पट्टीनं आखून. ती पाठ केली, बोटांना पाठ करवली, आणि मग आत्ताच सुचल्यासारखे डोळे मिटून वाजवली होती. डोळे मिटण्याचाही त्यानं घरी सराव केला होता. पण पंजाबराव पडले क्रेनवाले. दिवसभर त्या उंच खोक्यात बसून धूळ आणि वाफ गिळायची आणि संध्याकाळी गायचं. गुरुवारी त्यांचा गळा वर जाईना. विजयकुमारनं गाण्याची पट्टी पांढरी पाचवरून पांढरी तीनवर उतरवली. बाकीच्यांना त्याचं काही वाटलं नाही. नरहरीच्या अकरा संध्याकाळी मात्र जुन्या पट्टीच्या उघड्या तारांवर उभ्या होत्या, आणि त्या तारा आता परक्या झाल्या होत्या.

विजयकुमार हा या सगळ्यांचा म्होरक्या. वय सव्वीस, काम इलेक्ट्रिकलमध्ये, ॲकॉर्डियन स्वतःचं, गाणंही त्यानंच रचलेलं. घरात आईशी मराठी, दाराबाहेर पाय टाकला की हिंदी, आणि तालमीत दोन्हीची खिचडी. त्यानं सगळ्यांना चहाला पाठवलं, नरहरीच्या शेजारच्या बाकावर बसला आणि ॲकॉर्डियनचा पट्टा सोडत म्हणाला, "भाऊ, तुमी रटून येता हे मले मागच्या वेळीच समजलं होतं. बोललो नाई. पण हे रटायचं काम नाई. पट्टी हालली का तुमचं सारं घर खाली बसते." मग त्यानं शिकवल्यासारखंही केलं. पाच सूर धरा, बाकीचे विसरा. एक वाक्य बोला, थांबा, मग दुसरं बोला. गप्पा मारतो तसं. नरहरी मान हलवत राहिला. शेवटी विजयकुमार हळू आवाजात म्हणाला, "रविवारच्या कार्यक्रमात आलं तं जागा तुमची. नाई आलं तं मी ॲकॉर्डियननं भरून टाकतो. बुरा नका मानू." इतकं समजुतीनं सांगितल्यावर रागवायची सोयच उरली नाही. नरहरीनं गिटार चादरीत गुंडाळली, सायकलच्या दांड्याला सुतळीनं बांधली आणि घरी आला. बायकोनं, तारानं, विचारलं, तालीम कशी झाली. तो म्हणाला, झाली.

एक्केचाळिसाव्या वर्षी माणसाला गिटार शिकायची गरज काय, असं सेक्टरमध्ये लोक विचारत. तारा विचारत नसे. ती फक्त म्हणे, की दुसऱ्यांचे नवरे पत्ते खेळतात, हा घरात तरी असतो. गिटार आली तीही नरहरीच्या एका चुकीपायी. तो ट्रेसर होता. रशियाहून आलेल्या नकाशांवर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची, एवढंच त्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारा ऑफिसात कोणी नव्हता. रशियन अक्षरं त्याला वाचता येत नसत पण काढता येत, आणि ती इतकी हुबेहूब की एकदा एका रशियन बाईनं त्याच्याशी भडाभडा बोलायला सुरुवात केली होती. तर एका जिन्याच्या नकाशावर माशी बसून गेली होती. तिनं मागे ठेवलेला ठिपका नरहरीनं इमानानं उतरवला, ठिपका बारीक होता म्हणून गोल नीट यावा यासाठी कंपासही वापरला. पुढे कुठल्याशा ठेकेदाराच्या शेडमध्ये त्या जागी पोलादी पट्टीला भोक पडलं. भोक कशाला आहे हे कोणालाच सांगता येईना, म्हणून जो तो ते दुसऱ्याला ठाऊक असेल असं धरून चालला, आणि त्या पट्ट्या चाळीस होत्या. शेवटी ग्रिगोरी इवानोविच नावाचा म्हातारा इंजिनियर मूळ नकाशा घेऊन आला, भिंगातून बघितलं, आणि टेबलावर डोकं ठेवून हसला. ऑफिसात त्याला सगळे गिरधारी म्हणत आणि तो ओ देई. त्या दिवसापासून गिरधारी नरहरीला हाताला धरून रशियन कॉम्प्लेक्समध्ये घरी नेऊ लागला, आणि परत मायदेशी जाताना आपली सात तारांची गिटार त्याला देऊन गेला. तारा लावायची रीत पेन्सिलीनं कागदावर लिहून दिली होती. नरहरीनं ती शाईनं पक्की केली.

गिरधारी वाजवायचा तेव्हा खिडकीकडे बघायचा. बोटांकडे नाही, कागदाकडे नाही. आधी एक कुठलंसं गाणं वाजवी, मग ते गाणं सोडून देई आणि तसाच पुढे जाई, बाजारातून परत येताना माणूस रोजची वाट सोडून दुसऱ्याच गल्लीत शिरतो तसा, आणि नरहरीला धास्ती वाटे, की आता हा परत येतो की नाही. तो येई. दर वेळी येई. तो परत आला की नरहरीच्या डोळ्यांत पाणी येई. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. चाळिशीला आलेला माणूस, दोन पोरींचा बाप, दुसऱ्याच्या बैठकीत बसून कोणा परक्या म्हाताऱ्याच्या बोटांनी वाट चुकवली म्हणून रडतो. पण त्याला तेच हवं होतं. गाणी नको होती. गाणी काय, आज ना उद्या उतरवता येतातच. गाणं सुटल्यानंतरचं ते पुढचं एकदा तरी आपल्या हातानं व्हावं, भले चार आवर्तनं का होईना. विजयकुमारच्या गाण्यात ती चार आवर्तनं होती. ती रविवारी गेली तर दुसरी कोण देणार. ॲकॉर्डियन एकदा तिथे बसलं की बसलं.

शुक्रवारी दिवसभर तो टेबलावर वाकून रेघा ओढत होता आणि मनात पाच सूर धरून बसला होता. संध्याकाळी क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर बाज टाकून त्यानं गिटार काढली. बोटांच्या शेंड्यांना घट्टे पडले होते, त्यांतल्या मधल्या बोटाचा फुटला होता. पांढरी तीन. पाच सूर. एक वाक्य बोला. त्यानं तीन सूर वाजवले आणि ते रेडिओवरच्या एका गाण्याचं तोंड निघालं. पुसून दुसरे वाजवले. ते शाळेतल्या प्रार्थनेचे. तिसऱ्यांदा त्यानं मुद्दाम वेडंवाकडं काही वाजवलं तर आत पोळ्या लाटणारी तारा ते गुणगुणायला लागली, म्हणजे तेही कुठलं तरी होतंच. एकदा तर त्याला वाटलं, हे आपलं. अगदी आपलं. दोन सूर वर, एक लांबवलेला, मग उतार. तेवढ्यात जनरल शिफ्टवाल्यांचा भोंगा उशिरानं झाला, आणि त्याच्या ध्यानात आलं की तो भोंगाच आहे. डोक्यात इतकं सामान भरलेलं, आणि सगळं लोकांचं. धर्मशाळेत राहावं आणि पाहुण्यांचे बिछाने तेवढे मोजत बसावं, तसं आयुष्य. त्यानं गिटार आडवी ठेवली. प्लांटच्या बाजूला स्लॅग, भट्टीतली तापलेली मळी, ओतली असावी. आभाळ खालून तांबडं झालं आणि पुन्हा विझलं. शेजारच्या बेबीताई दोरीवरचे कपडे काढता काढता म्हणाल्या, की भाऊजी, आज मशीन बिघडली वाटते. तो हसला. हसताना कंटाळा येतो हे त्याला त्या वर्षात नवीनच कळलं होतं.

पण सुचत नाही एवढंच असतं तर त्यानं नशिबाला हात जोडले असते. सुचायच्या आधी काही तरी होत होतं. बोट तारेवर टेकायचं, सूर निघणार एवढ्यात मानेच्या मागे कोणी उभं आहे असं वाटायचं. ऊन लागतं तसं ते लागायचं. गुरुवारी हॉलमध्येही तेच झालं होतं. आणि कोण उभं आहे हे नरहरीला चांगलं ठाऊक होतं. बत्तीस वर्षं ठाऊक होतं. तो दिवाणजी होता.

भंडाऱ्याकडचं गाव, धानाचं. दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावजत्रा भरायची आणि भरदिवसा पटांगणात दंडार, गावकऱ्यांचा नाचगाण्याचा खेळ, उभी राहायची. नरहरीचे वडील बाबाराव त्या दंडारीतले सोंगाडे. पोथी नाही, लिहिलेलं काही नाही. समोरचा काय विचारील त्यावर तिथल्या तिथे उत्तर जोडायचं. घरात बाबाराव चार शब्द बोलत नसत, पण डोक्याला चिंधी बांधून आणि तोंडाला राख फासून मांडवात आले की गावाचं सगळं पोट बाहेर काढत. लोक हसून हसून खाली बसत. मालगुजाराचे दिवाणजी पहिल्या ओळीत खुर्चीवर असत. सगळ्या गावाचं धान त्यांच्या डोळ्यांखालून जाई. डोळ्याखालून म्हणायचं, कारण डोळा एकच होता. दुसरा लहानपणी देवीत गेलेला. सगळं गाव हे बघायचं आणि कोणी बघितलं नाही असं वागायचं. नरहरी तेव्हा नऊ वर्षांचा. मंडईच्या आदल्या दिवशी जेवताना त्यानं वडिलांना सहज विचारलं, की दिवाणजीचा दुसरा डोळा आपल्या धानाच्या ढोलीत ठेवला असतो काय, धान किती उरलं ते पाहायला. विनोद करायचा म्हणून नव्हे. त्याला खरंच तसं वाटलं होतं, धान साठवायच्या त्या कणगीत, ढोलीत, हात घालायची भीतीही वाटायची. बाबाराव घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पोराच्या डोक्यावर टपली मारली. तेवढं सुख नरहरीला पुढे कशानंच झालं नाही. लग्नानं नाही, नोकरीनं नाही.

दुसऱ्या दिवशी मांडवात साथीदारानं विचारलं, काय रे, दिवाणजी झोपतेत कसे? आणि बाबाराव म्हणाले, "एक डोरा घरी मिटतेत मायबाप, दुसरा आमच्या ढोलीत जागत ठेवतेत." आधी कोणीच हसलं नाही. मग बायकांच्या बाजूनं कोणी तरी फिसकन हसलं, आणि पटांगण फुटलं. मुलांत बसलेला नरहरी सगळ्यांत मोठ्यानं हसत होता, कारण ते त्याचं होतं. दिवाणजीही हसले. हसता हसता त्यांनी मान वळवून सगळ्या पटांगणावरून तो एक डोळा हळूहळू फिरवला, आणि तो नरहरीवर येऊन जरा थांबला, की थांबलाच नाही, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. दंडार संपल्यावर त्यांनी बाबारावांना जवळ बोलावून हसत हसतच विचारलं होतं, की हे कोणी शिकवलं. बाबाराव राख पुसत म्हणाले, मीच जोडलं जी. अक्षयतृतीयेला मालगुजाराकडून ठेक्यानं घेतलेली चार एकर जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली. कारण कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. बाबाराव रोजीनं जायला लागले. दंडारीचं बोलावणं आलं की पाठ दुखते म्हणत. मुलाला त्यांनी नागपूरला मामाकडे ठेवलं. मामा जमिनीच्या नकाशांच्या नकला करत, त्यांनी भाच्याच्या हातात टाक दिला आणि सांगितलं, खाली आहे तेवढंच वर काढायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. नरहरीला हे इतकं पटलं, की मामांनाच नवल वाटलं. वडील त्याला त्यानंतर कधी रागानं बोलले नाहीत. तसे ते कशानंच बोलले नाहीत. ताराच्या लग्नानंतर दोन वर्षं ते त्यांच्याकडे नागपुरात राहिले, भिंतीला टेकून, सुपारी कातरत. एकदा नरहरी त्या वाक्याचं विचारणार होता. मग त्यांनी दुसरी सुपारी घेतली आणि राहून गेलं.

शनिवारी अर्धा दिवस होता. दुपारी पोरी मैत्रिणीकडे गेल्या आणि तारा ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. नरहरी बाजेवर गिटार घेऊन बसला होता, वाजवत नव्हता. असा तो बराच वेळ बसला तेव्हा ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "दोन दिवस झाले, घरात सुतक असल्यासारखं कावून बसून राहिले?" तो म्हणाला, उद्या मी वाजवत नाही, विजयकुमारला सांगून टाकतो. तिनं कारण विचारलं, कावून. आणि मग, कसं कोण जाणे, विजयकुमार, पट्टी आणि पाच सूर हे सगळं सांगायच्या ऐवजी त्यानं दिवाणजीचं सांगितलं. सरळ सांगता आलं नाही. मध्येच मंडईत रेवड्या मिळायच्या ते सांगितलं, राखेचा वास सांगितला, मालगुजाराचं नाव आठवेना म्हणून अडकला. पण सांगितलं. पंधरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तिचे हात थांबले होते. तो चार एकर गेल्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"पण ते म्हणले काय होते मामंजी? नेमकं सांगा ना," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. तसंच, डोरा आणि ढोलीसकट.

तारानं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले आणि नरहरीला वाटलं ती रडतेय, तो अर्धवट उठलाही, तर सूप मांडीवरून घसरलं, तांदूळ ओट्यावर सांडले आणि ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती. "ढोलीत," एवढं म्हणायची आणि परत हसायची. त्याला राग आला. वडिलांची चार एकर जमीन, बत्तीस वर्षं, आणि ही हसते. मग त्याच्या लक्षात आलं की पटांगणातल्या त्या बायकांच्या बाजूनं पहिलं हसू आलं होतं ते असंच, दाबलेलं, नाकातून आलेलं. आणि हे वाक्य त्या दिवसानंतर पुन्हा कोणी उच्चारलंच नव्हतं. त्यानंसुद्धा मनातल्या मनात नाही. ते अजून हसवत होतं. तारानं डोळे पुसले आणि म्हणाली, "नऊ वर्साचं पोरगं असं बोलते, अन् आता माझ्यासंग बोलाले तुमाले आठ आठ दिस लागते." मग ती ओट्यावरचे तांदूळ गोळा करायला लागली. मामंजी तुमच्यावर रागावले होते का, हे तिनं विचारलं. तो म्हणाला, ठाऊक नाही. ती म्हणाली, की मलाही ठाऊक नाही, माझ्याशी ते फक्त मीठ मागायला बोलायचे. सुपात तांदूळ पडल्याचा आवाज येत होता. त्याला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. फक्त थकवा आला, पायांपासून वर येणारा, लांबच्या गाडीतून उतरल्यासारखा.

"तो डोरा ढोलीत कसा गेला, ते वाजवा बरं," ती म्हणाली.

थकला नसता तर त्यानं वाजवलं नसतं. त्यानं जाड तारेवर एक सूर दिला, थांबला, शेजारचा दिला. ती म्हणाली, असे का चालतात दिवाणजी, पायात काटा गेला का. त्यानं जरा भरभर वाजवलं. आता ढोलीत वाकून बघतात म्हणाली, आणि त्याचं बोट न विचारता तारेवरून खाली घसरत गेलं, पार तळाशी, आणि तिथे थोडं अंधारल्यासारखं झालं. ती नाकातून हसली. त्यानं तिच्या हसण्यासारखे तीन बारीक सूर वाजवले. "मले चिडवून राहिले काय?" ती म्हणाली, आणि त्याचंही उत्तर त्यानं तारेवरच दिलं. असं किती वेळ चाललं कोणास ठाऊक. पोरी परत आल्या, आईबाबा काय करून राहिले म्हणून दारात उभ्या राहिल्या, तेव्हा दोघंही चोरी पकडल्यासारखे थांबले. त्यानं रात्री वहीत लिहायला घेतलं नाही. लिहावंसं खूप वाटलं. पण वही उघडण्याचंही त्राण नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याला आपल्या अंगात त्राण नसल्याचा उपयोग झाला.

रविवारचा कार्यक्रम चारलाच सुरू झाला, कारण रात्रपाळीवाल्यांना घरी जाऊन, जेवून कामावर पोचायचं होतं. पहिल्या ओळीत खुर्च्या, खुर्च्यांवर साहेब आणि त्यांच्या बायका, मागे सतरंज्या. तारा पोरींना घेऊन बेबीताईंबरोबर खांबाजवळ बसली होती. विजयकुमारनं नुसतं भुवईनं विचारलं. नरहरीनं मान हो आणि नाही यांच्या मध्ये कुठे तरी हलवली. गाणं सुरू झालं. पहिला अंतरा, दुसरा अंतरा. पंजाबरावांचा गळा त्या दिवशी चांगला लागला होता, पट्टी उगीचच उतरवली असं वाटण्याइतका चांगला. त्यांनी तोंड बाजूला घेतलं. बोंगोची थाप पडली. नरहरीच्या मानेमागे ऊन लागलं. पहिली मात्रा गेली, दुसरी गेली, विजयकुमारचा हात ॲकॉर्डियनच्या भात्यावर सरकलेला त्याला दिसला. तिसरीवर त्यानं तार छेडली आणि सूर चुकीचा होता. नुसता चुकीचा नाही, पाचातला नव्हताच. उघड्यावर पडला तो, सगळ्यांसमोर. पहिल्या ओळीतल्या एका साहेबानं बायकोशी बोलता बोलता मान वळवली आणि सरळ त्याच्याकडे बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. नरहरीनंही साहेबाकडे बघितलं. मग त्यानं त्या चुकीच्या सुराशेजारचा सूर दिला, थांबला, आणखी एक दिला. ते काही सुंदर होत नव्हतं. कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं आणि बोट खालची तार चाचपडत होतं. पण चालत होतं. एका जागी त्याला कळलं की आपण थांबलोय आणि लोक थांबलेत, आणि या थांबण्याची भीती वाटत नाही. तिथून तो वर गेला, परत उतरला, आणि चार आवर्तनं कधी संपली हे त्याला कळलंच नाही. पंजाबराव तोंड उघडून उभे होते. त्यानं पाचवं आवर्तन वाजवलं. मग ते हसले, तोंड मिटलं आणि वाट बघत उभे राहिले, आणि सहाव्याच्या शेवटी नरहरीनंच मान हलवून गाणं त्यांच्या हवाली केलं.

आधीच्या जादूच्या प्रयोगाला पडल्या होत्या तेवढ्याच टाळ्या पडल्या. साहेबानं परत बायकोशी बोलायला सुरुवात केली होती. पडद्यामागे विजयकुमार घामेजलेला आला. "दो आवर्तन ज्यादा खाया आपने," तो म्हणाला. आणि मग, "पण ते मधलं, थांबून वर गेले ना, ते लिहून ठेवा भाऊ. पुढच्या महिन्यात दुर्गला कार्यक्रम हाय. तिथं हेच पाहिजे." त्यानं खिशातून पेनही काढून दिलं. नरहरीनं कोणाचा तरी निमंत्रणाचा कागद घेतला, उलटा केला, मांडीवर ठेवला. पहिला चुकीचा सूर लिहिला. त्याच्या शेजारचा लिहिला. पुढे काय होतं ते शोधायला आत गेला तर तिथे खुर्च्या आठवत होत्या, साहेबाच्या बायकोची जांभळी साडी आठवत होती, पंजाबरावांचं उघडं तोंड आठवत होतं. सूर एकही नव्हता. आठवत नाही म्हणत त्यानं पेन परत केलं. विजयकुमारला ते खरं वाटलं नाही. तो म्हणाला, "नका सांगू, नका सांगू. आर्टिस्ट झाले तुमी आता," आणि जरा तुटकपणेच ॲकॉर्डियनची पेटी उचलून निघून गेला.

घरी जाताना पोरी बेबीताईंबरोबर पुढे पळाल्या. नरहरी सायकल हातात धरून चालला होता, दांड्याला चादरीत गुंडाळलेली गिटार, आणि तारा रस्त्याच्या कडेच्या नव्या रोपांच्या जाळ्यांवरून हात फिरवत बाजूनं चालली होती. मागून येणाऱ्या रात्रपाळीवाल्यांच्या सायकली घाईनं घराकडे सुटल्या होत्या. पाय जड झाले होते. उद्या सोमवार, सात वाजता उठायचं, टेबलावर एका पंपाचा नकाशा अर्धा पडलेला. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर ती स्वतःशीच काही तरी गुणगुणायला लागली. चार-पाच सूर, मध्ये थांबून वर जाणारे.

"हे काय म्हणून राहिली?" त्यानं विचारलं.

"तुमीच तं वाजवलं आत्ता."

"असं होतं?"

"असंच तं होतं." तिनं परत गुणगुणून दाखवलं. दुसऱ्या वेळी ते थोडं वेगळं झालं, शेवटी खाली न येता वरच राहिलं. तो तिला थांबवणार होता. मग त्यानं सायकलची मूठ बदलून दुसऱ्या हातात घेतली आणि तिला पुढे होऊ दिलं. ती तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा ते आणखी निराळं होतं. तो तिच्या मागून, दोन पावलांचं अंतर ठेवून, ऐकत चालत राहिला.